रिकाम्या झाडावरचा कॅमेरा

माझ्या मावशीने पस्तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले. ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ हे ती जितक्या वेळा म्हणाली असेल, तितक्या वेळा मी तोंडही उघडलं नसेल. आणि मी काही कमी बोलकी नाही. ती निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी तिला कॅमेरा दिला. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, “आता हाडं सोडून जरा वरवरचं काढा.”

मावशीने ते मनावर घेतलं. रोज सकाळी साडेसहाला ती बागेत हजर. डोक्याला टोपी, काखेत घडीचं स्टूल, थर्मासात चहा. खारी, साळुंक्या, तळ्यातलं म्हातारं कासव. फोटो, खरं सांगायचं तर, बेताचेच यायचे. मी तिला चिडवायचे आणि ती मला चहा द्यायची.

मग एकदा बंद कारंज्यामागच्या वठलेल्या झाडात तिला सुतारपक्ष्याची ढोली सापडली. बागेत फोटो काढणाऱ्यांचा एक अलिखित नियम आहे: घरट्याचा पत्ता कुणाला सांगायचा नाही. तिने फक्त मला सांगितला. जवळजवळ चाळीस दिवस ती त्या झाडापासून लांब, एकाच जागी बसत होती. तिला एकच फोटो हवा होता, पिल्लू ढोलीतून पहिल्यांदा बाहेर झेपावतानाचा. “एवढा मिळाला की झालं. मग काही मागणार नाही,” ती म्हणाली. जसं काही आजवर तिने कुणाकडे काही मागितलंच होतं.

आणि मी माती खाल्ली. तिचा एक फोटो खरंच सुरेख आला होता: चोचीत मुंग्या घेऊन आलेला बाप आणि ढोलीतून आ वासलेलं पिल्लू. मला राहवेना. तिला न विचारता मी तो मोबाइलवरून सोशल मीडियावर टाकला, कौतुकाने. मागे कारंजं स्पष्ट दिसतंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी झाडाखाली नऊ जण, पाइपाएवढ्या लेन्सा रोखून. पिल्लांची आई चोचीत खाऊ घेऊन या झाडावरून त्या झाडावर करत होती, जवळ यायला धजत नव्हती. ढोलीतली पिल्लं ओरडून ओरडून दमली होती.

“तू टाकलास?” मावशीने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तिने त्या लोकांना विनवून पाहिलं. “पाचच मिनिटं, काकू,” प्रत्येक जण म्हणाला. मग तिने स्टूल उचललं, तळ्यापलीकडे गेली आणि एका दाट झाडासमोर बसून कॅमेरा वर रोखला. त्या झाडात काही म्हणजे काही नव्हतं. तरी ती फोटो काढत राहिली. थोड्या वेळाने एक जण हळूच आला. “काकू, काय आहे?” मावशीने ओठांवर बोट ठेवलं. खोटं असं ती बोललीच नाही. आठ वाजेपर्यंत नऊच्या नऊ तिच्या पाठीशी उभे होते आणि त्यातल्या दोघांना पानांत काहीतरी दिसलंही होतं.

हे चार दिवस चाललं. मला तिने कारंज्यापाशी बसवलं. “तू नुसती बघ. जवळ जाऊ नकोस.”

चौथ्या सकाळी पिल्लाने डोकं बाहेर काढलं. पुन्हा आत घेतलं. आई समोरच्या फांदीवर खाऊ घेऊन बसली होती, देत मात्र नव्हती. मग पिल्लाने ढोलीची कड सोडली. आधी ते चक्क पडलंच, मग पंखांत वारा भरला आणि वेडंवाकडं उडत ते त्याच फांदीला जाऊन चिकटलं. मला रडू आवरेना.

मी भरभर चालत तळ्यापलीकडे गेले आणि मावशीच्या कानाशी वाकले. “मावशी, एक उडालं.”

तिचे डोळे भरून आले, पण कॅमेरा खाली आला नाही.

“आत किती राहिलीत?”

“दोन.”

“मग मला उठता यायचं नाही,” ती रिकाम्या पानांकडे बघत पुटपुटली. “तू सांग. हळू सांग, पण सगळं सांग. आधी डोकं काढलं का त्याने?”