एकशे ऐंशी व्होल्टचा पॉवर सप्लाय

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कबूल? बघा हं. कारण यात हसण्यासारखं काही नाही. मला अजून संताप येतो. फक्त कुणावर काढायचा, तेवढं मधल्या काळात बदललंय.

तर मी अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. शिस्त कडक. वर्गात गडबड करणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचं, आणि दिवसभर पुसायचं नाही, ही माझी पद्धत. आज आमच्या भागाचा वायरमन असलेला नामदेव माझाच विद्यार्थी. त्याचं नाव फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय, की खडूचा निम्मा खर्च त्याच्या एकट्यावर झाला असेल.

निवृत्त झालो आणि कुडपणच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत येऊन राहिलो. वाडीचं भजनी मंडळ आहे आणि मंडळाचे आहेत धोंडूबुवा. वय पंचाहत्तरच्या पुढं. सूर अजून पक्का, पण आवाज पातळ झालाय, देवळात तिसऱ्या रांगेपलीकडं पोचत नाही. मे महिन्यात देवीच्या उत्सवाला सगळे मुंबईकर येतात. मागच्या उत्सवात बुवा गात होते आणि मागच्या रांगांत लोक मोबाइल बघत होते. दुसऱ्या दिवशी बुवा माझ्या पडवीत येऊन बसले.

"गुरुजी, पुढल्या वर्साला मी हाय का नाय, कोणास ठाऊक. येकदा माझा अभंग पायरीवरच्या माणसाला ऐकू जाऊ दे. बाकी काय नको."

मला गलबलून आलं हो. पण मुंबई मंडळाचा सेक्रेटरी सुभाष तिथंच बसला होता. तो म्हणाला, "टेन्शन नाय बुवा. रेडिमेड सेट घेऊन टाकू. बटन दाबलं की चालू."

बटन दाबलं की चालू! माझं डोकंच फिरलं. ज्या वाडीत विज्ञानाचा मास्तर राहतो, त्या वाडीनं ॲम्प्लिफायर बाजारातून आणायचा? मी म्हटलं, "खबरदार. स्टिरिओ ॲम्प्लिफायर मी घरी बनवणार. डावा-उजवा असे दोन स्पीकर. तुम्ही फक्त सतरंज्या अंथरा." चार माणसांत बोललो, म्हणजे झालं. माघार बंद.

आता ॲम्प्लिफायरचा बोर्ड महाडला तयार मिळतो. खरी अक्कल लागते पॉवर सप्लायला. घरातली वीज ट्रान्सफॉर्मरनं खाली उतरवायची, डायोडमधून सरळ करायची आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवून शांत करायची. सप्लाय नीट नसेल तर बुवांच्या अभंगामागं घूंऽऽ करत बसतो. नेटवर याच्या ढीगभर आकृत्या आहेत, आणि प्रत्येकीत पहिली गोष्ट एकच. मेन लाइन, दोनशे तीस व्होल्ट.

दोनशे तीस? कुणाच्या घरी? मी माझ्या घरी मीटर लावला. संध्याकाळी सात, भजनाची वेळ. फ्रिज, पंखे, दिवे सगळं चालू. काटा एकशे ऐंशीवर. दुसऱ्या दिवशी सातला एकशे अठ्ठ्याहत्तर. महिनाभर वही ठेवली, एक दिवस चुकवला नाही. दोनशेच्या वर काटा गेला नाही.

आता मला सांगा, संताप येणार का नाही? मी वीज कचेरीला पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. अकरा पत्रं लिहिली, प्रत्येकाची नक्कल माझ्याकडं आहे. अकराव्यात तर शेवटी लिहिलं की, या कमी दाबास जबाबदार असलेल्या व्यक्तीचे नाव शोधून ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सर्वांना दिसेल असे लिहावे. जुनी सवय.

त्यावर नामदेव आला. खांबावर चढला, उतरला, म्हणाला, "गुरुजी, खांबावर दोनशे पस्तीस हाय. जरा घरातलं बोर्ड बघू काय?"

"घरातलं?" मी म्हटलं. "नामदेव, या घराचं वायरिंग मी स्वतः केलंय. स्वतःच्या हातानं. तू काय बघणार त्यात? तुझ्या मीटरचा सेल बदल आधी."

तो मान खाली घालून गेला. सातवीत जायचा तसाच.

मी मात्र निश्चय केला. आपल्या गावाला आपली आकृती. मी महाडला सलीमभाईंकडं गेलो. ते पंपाच्या मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळतात, ट्रान्सफॉर्मरही बांधून देतात. त्यांना सांगितलं, "एकशे ऐंशी व्होल्ट धरून बांधा. बाहेर मला बत्तीस-बत्तीस मिळाले पाहिजेत."

सलीमभाईंनी चष्मा काढला. "गुरुजी, एकशे ऐंशी? पोलादपूरच्या इतक्या मोटारी बांधल्या, सगळ्या दोनशे तीसवर धरतो. एक पन परत आली नाय."

"तुमचे गिऱ्हाईक सोसतात. मी सोसत नाही."

"बरं. मग कपॅसिटर तरी पन्नास व्होल्टचे न्या."

"पस्तीसचे द्या. बत्तीसला पस्तीस सोसणारे पुष्कळ झाले. वाढणार कुठून?"

त्यांनी चष्मा लावला आणि पस्तीसचे दिले. समजूतदार माणूस.

एप्रिलभर मी बांधत होतो. आमची सुलभा, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "अहो, तो मिक्सर आपल्याकडंच का रडतो? शेवंताकडं तर खोबरं दोन मिनिटांत वाटून होतं."

शेवंता म्हणजे शेजारीण. भिंतीला भिंत.

"तिचा मिक्सर नवा असेल."

"तो आपलाच मिक्सर असतो. मी तिच्याकडं नेऊन वाटते."

आता यावरून एखाद्याला काही सुचलं असतं. मला काय सुचलं? मला सुचलं, की शेवंताच्या घरचं खोबरं मऊ असेल. अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, लक्षात ठेवा.

घरी ॲम्प्लिफायर अप्रतिम वाजला. रोज सातला चाचणी, कारण भजन सातला. घूं नाही, खरखर नाही. बुवांना बोलावून माइक हातात दिला. त्यांनी एक ओळ म्हटली आणि स्वतःचा आवाज ऐकून डोळे मिटून घेतले. "गुरुजी, हा माझा तरणेपनीचा आवाज हाय," म्हणाले. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

उत्सवाचा दिवस आला. मुंबईकर वीर स्टेशनला उतरून, मिळेल त्या रिक्षा-जीपनं वर आले होते. देऊळ भरलेलं, पायऱ्या भरलेल्या. ॲम्प्लिफायर मी देवळाच्या खांबाजवळ स्टुलावर ठेवला, वर निळा दिवा. सुभाष बघून गेला, बोलला काही नाही. त्याला काय बोलायचं होतं ते मला कळलं, आणि मला आनंद झाला.

बुवांनी सुरुवात केली. आणि काय आवाज हो! घरच्यापेक्षा सव्वापट. पायरीवरची म्हातारी माणसं ताठ बसली. मी शेजारच्याला म्हटलं, "घुमटाचा परिणाम." ट्रान्सफॉर्मर जरा गुरगुरायला लागला, मी म्हटलं तोही घुमटाचाच परिणाम. स्टुलाजवळ उबदार वास यायला लागला, म्हटलं उदबत्ती असेल.

दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर पहिला कपॅसिटर फुटला. ठाप्! मागोमाग दुसरा. ठाप्! डब्यातून कागदाच्या चिंध्या उडाल्या, पांढरा धूर निघाला, आणि पहिल्या रांगेतली माणसं तिसऱ्या रांगेत गेली. निळा दिवा विझला. मी धावत जाऊन प्लग उपटला, आणि तिथंच तो हातात धरून उभा राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. बुवांचं एकच मागणं होतं, आणि मी त्यांच्या तोंडासमोर फटाके लावले होते.

देऊळ चिडीचूप. बुवांनी माझ्याकडं बघितलं, डोळे मिटले आणि जिथं तुटलं होतं तिथून अभंग पुन्हा उचलला. माइकशिवाय. पण आणखी काहीतरी फुटेल या भीतीनं एकही माणूस हलत नव्हता, मोबाइल काढत नव्हता, खोकतसुद्धा नव्हता. तो पातळ आवाज शेवटच्या पायरीपर्यंत सरळ गेला. नंतर बुवा माझा हात धरून म्हणाले, "पोचला हो गुरुजी. तुमच्यामुळंच पोचला." त्यांनी मनापासून म्हटलं, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नामदेवला बोलावून घेतलं. म्हटलं, "देवळात इतका दाब आलाच कसा? माझ्याकडं एकशे ऐंशी आणि देवळात जास्त? हा पक्षपात आहे."

नामदेवनं देवळात मीटर लावला. दोनशे पस्तीस. म्हणजे माझ्या बत्तीसचे तिथं बेचाळीस झाले होते. शेवंताकडं लावला. दोनशे तेहतीस. मग आमच्या पडवीत आला, मेन स्विचचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. आत एका स्क्रूखाली माझी वायर काळी पडून, अर्धी वितळून लोंबत होती. घरात भार वाढला की तिथंच सगळा दाब गळत होता. तो स्क्रू मी स्वतः आवळला होता. म्हणजे, आवळायचा राहिला होता.

नामदेवनं वायर कापली, सोलली, स्क्रू घट्ट केला. त्याच वेळी सुलभानं स्वयंपाकघरात मिक्सर लावला. तो असा गरजला, की झाकण उडून चटणी थेट छपराला लागली.

"गुरुजी," नामदेवनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझं अकरावं पत्र. "कचेरीत सायब बोलले, काम झालं की यावर कारवाई लिवून आन. हितं शेवटाला लिवलंय, जबाबदार मानसाचं नाव फळ्यावर लिवा."

मी वाचून पाहिलं. अक्षर माझंच होतं.

"मंग लिवू?" तो म्हणाला. आवाजात आदर पूर्ण होता, ते मी मान्य करतो. "ग्रामपंचायतीत फळा हाय, पन खडू नाय. वैनी, खडू हाय काय घरात?"

मास्तरच्या घरात खडूला काय तोटा? केसातली चटणी पुसत पुसत सुलभानं अख्खा डबाच आणून दिला.