रोझबाई बॉलकडे बघत नाहीत

वडाळ्याच्या क्लबात रोझ बाप्टिस्टना कुणी कोच म्हणत नाही. पण त्यांचा कागद पाहिल्याशिवाय कोच जयवंत मुलींचा बास्केटबॉल संघ ठरवत नाही, आणि बरोबरच करतो.

मॅच रंगली की सगळे बॉलकडे डोळे लावून बसतात. रोझबाई ढुंकूनही बघत नाहीत. आपल्या शूटरला अडवायला समोरच्या किती जणी येतात आणि किती जवळ येतात, एवढंच त्या पेन्सिलीने टिपतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं हेच. असली चिकाटी मी तरी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

यंदा फायनलला शूटरची एकच जागा होती. डायनाचे तीन मॅचमध्ये एकावन्न पॉइंट, सुरुचीचे जेमतेम चौदा. त्यात डायना म्हणजे रोझबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी, अंगाखांद्यावर खेळवलेली. कागद मात्र वेगळंच सांगत होता. डायना दहादा मारी तेव्हा तीनदा बॉल जाळीत जाई. समोरच्या तिला खुशाल मारू देत. सुरुची क्वचित मारी, पण चुकत नसे. म्हणून दोघी-दोघी तिला चिकटून राहत, आणि मोकळ्या जागेतून उंच मानसी आत घुसून बास्केट करी. नाव मानसीचं होई. सुरुची कोर्टवर असली की संघ पुढे असायचा.

जड मनाने रोझबाईंनी सुरुचीचं नाव लिहिलं.

"तू माझी आंटी ना गं?" डायना रडकुंडीला आली.

"घरी. इथे नाही."

चार दिवस डायनाने अबोला धरला. रोझबाईंना जेवण गोड लागेना.

फायनल जिंकली. सुरुचीचे पॉइंट फक्त चार, मानसीचे सव्वीस. फोटो अर्थात मानसीचे निघाले. गर्दी पांगल्यावर बेंचवरून उठून डायना आली.

"आंटी, सुरुचीला त्या दोघी सोडतच नव्हत्या. माझ्यामागे कधी दोघी आल्या?"

खोटं बोलावं असं रोझबाईंना फार वाटलं. "नाही गं," त्या म्हणाल्या.

डायनाने डोळे पुसले, बॉल उचलला आणि रिकाम्या कोर्टवर जाऊन उभी राहिली. रोझबाईंनी पेन्सिल ठेवली, सुरुचीला हाक मारली, आणि दोघी हात पसरून डायनाला अडवायला गेल्या.