वाटाड्याची पहिली लेव्हल

माझं काम समजावून सांगायचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल जातं, म्हणून थोडक्यात सांगते. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. पात्रानं काय करायचं ते खेळणारा बोलून ठरवतो, जमलं की नाही ते फासे ठरवतात. पुण्यातली एक छोटी कंपनी असे खेळ छापते आणि तिच्यासाठी मी हे पात्रांचे पेशे घडवते. त्यातही फक्त पहिल्या दोनतीन लेव्हल. पुढं जाऊन राक्षस मारणाऱ्या थोर मंडळींशी माझा संबंध येत नाही.

पहिली लेव्हल सगळ्यात अवघड असते, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून मी बऱ्याच जणांशी भांडले आहे. सगळ्यांना पी हळद नि हो गोरी असंच हवं असतं, पहिल्याच दिवशी आगीचे गोळे आणि उडता घोडा. मी म्हणते, पात्राला एकच गोष्ट द्या, पण अशी द्या की हा माणूस कोण आहे ते तेवढ्यावर कळावं. आणि जीव थोडा द्या. जीव थोडा असला की माणूस दार उघडण्याआधी विचार करतो.

गेल्या पावसाळ्यात हे काम घेऊन मी जोयड्याकडच्या आमच्या गावी काकीकडे राहायला गेले. आईबाबांना रामनगरचं दुकान सोडता येईना, आणि काकीला एकटीनं पुन्हा तो पाऊस काढू द्यावा असं कुणालाच वाटेना. काका त्याआधीच्या पावसाळ्यात गेला. तिन्हीसांजेला चुकलेली म्हैस बघायला म्हणून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. गडीमाणसं रात्रभर बॅटऱ्या घेऊन वरच्या रानात शोधत होती. सकाळी तो घरामागच्या व्हाळात, पाण्याच्या कडेला दगडांत सापडला. पाय घसरून डोकं आपटलं असणार. घरापासून इतक्या जवळ, की न्हाणीच्या दारातून ते दगड दिसतात.

त्या घरात दिवसा काही वाटत नसे. काकी बोलकी आहे, मला घालूनपाडून बोलायची, माझ्या पोळ्यांना नकाशे म्हणायची. दिवे लावायची वेळ झाली की मात्र ती गप्प व्हायची आणि मागचं दार उघडून उभी राहायची. पाऊस असला तरी. व्हाळाच्या पाण्याचा आवाज घरभर भरायचा. मी धरून चालले होते की ती कोंबड्या बघते.

ऑफिसला रानातला एक पेशा हवा होता. मी वाटाड्या घडवायला घेतला आणि त्याला द्यायची ती एक गोष्ट मला शोधावी लागली नाही. आमच्याकडे रानात हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. जे माणूस नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही. लहानपणी सुट्टीला आल्यावर मला हे काकीनंच शिकवलं होतं. मी लिहिलं, वाटाड्या तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प राहू शकतो, आणि गप्प राहिला तर रानातलं कुठलंही भूत त्याची वाट चुकवू शकत नाही. ऑफिसात सगळे खूश झाले. कधीच न खेळलेल्या माणसांवर हा पेशा तपासून बघ म्हणाले.

एका दुपारी लाइट गेले होते आणि शेजारची वैनी तांदूळ निवडायला आमच्या पडवीत येऊन बसली होती. मी दोघींना खेळाला बसवलं. जीव मोजायला चिंचोके घेतले, प्रत्येकीला पाच. वैनीनं योद्धा घेतला, काकीनं वाटाड्या. मी गोष्ट सुरू केली. तिन्हीसांज झाली आहे, तुम्ही रानातून घराकडे निघाला आहात, आणि पाण्याच्या पलीकडून कुणीतरी एक हाक मारतंय.

"ओ," काकी म्हणाली.

वैनी हसायला लागली. "काकी, तुम्ही गप बसायचं हाय की. त्येच तर तुमचं बळ."

"ठाऊक हाय," काकी म्हणाली.

ओ देणाऱ्याची वाट चुकते असा नियम मीच केला होता. फासे वाईट पडत गेले, पाचही चिंचोके माझ्याकडे आले, वाटाड्या मेला. पहिल्या लेव्हलला मरणं काही विशेष नसतं. मी काकीला नवा वाटाड्या दिला. पाण्यापलीकडून हाक आली आणि तिनं पुन्हा ओ दिली. तोही मेला. त्यानंतरचाही मेला. वैनीला गंमत वाटत होती, मला मात्र राग यायला लागला होता. इतका सोपा नियम, तोही तिनंच शिकवलेला, आणि हे असलं हात दाखवून अवलक्षण. वैनी तांदूळ घेऊन घरी गेल्यावर मी जरा तोडूनच विचारलं, "काकी, गप बसलं की जगतीयस, हे कळतंय न्हवं? मग ओ का देतीयस?"

काकी चिंचोके गोळा करत होती. "मला बी एकच आली हुती," ती म्हणाली.

काय आली होती, हे मला विचारावं लागलं नाही.

"चुलीवर भात हुता. व्हाळाकडनं 'अगे' म्हणून हाक आली. त्येंचाच आवाज. मी दाराला हात लावून उभी ऱ्हायलो. दुसरी येऊ दे, तिसरी येऊ दे, मग जातो म्हटलो. आलीच न्हाई. म्हटलो, हे काय त्ये न्हवं. दार लावून घेतलो."

"आणि शोधायला गेलेल्यांना सांगितलं न्हाईस?"

"सांगितलो की. व्हाळाकडं जाऊ नका, तिथं काय तरी हाय, म्हणून सांगितलो."

मला तिची कीव आली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. त्या माणसांना वाचवायला म्हणून तिनं त्यांना वरच्या रानात पाठवलं होतं. त्या वेळी तो कदाचित जिवंत होता. हे ती वर्षभर एकटी घेऊन बसली होती आणि माझ्या पोळ्यांची चेष्टा करत होती.

त्यानंतर मीही संध्याकाळी कान देऊ लागले. भुतं घडवण्याचा पगार घेणारी बाई मी, पण अंधार पडायला लागला की न्हाणीकडे पाय धुवायला जाईना. पाण्याच्या आवाजात माणसाचा आवाज असल्यासारखं वाटायचं. काकी दारात उभी असायची, आणि आता मला कळत होतं की कोंबड्या केव्हाच खुराड्यात गेलेल्या असतात. ती अगदी हळू 'ओ' म्हणायची. मग थांबायची. मग दार लावायची. मी ऑफिसला कळवलं की नियम बदलावा लागेल, पण काय बदलायचं ते मलाच कळत नव्हतं.

काही दिवसांनी जेवणं झाल्यावर काकीनंच चिंचोके काढले, पाच मोजून आपल्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "मांड."

मी मांडला. तीच तिन्हीसांज, तेच पाणी. पलीकडून एक हाक आली म्हणून मी सांगितलं.

ह्या वेळी तिनं लगेच ओ दिली नाही. "आधी सांग," ती म्हणाली, "ती हाक कुणाची?"

खेळात असं विचारता येत नाही. खेळणाऱ्याला ते आधी कळत नसतं, आणि गोष्ट सांगणाऱ्यानं कुणाचं तोंड बघून नियम वाकवायचा नसतो, हे मीच सगळ्यांना शिकवते. पण ती खेळात विचारत नव्हती. तिला काय सांगावं ह्याचा मी फार विचार केला नाही. मला तिला मोकळं करायचं होतं.

"कुणाचीच न्हाई, काकी," मी म्हटलं. "ती माणसाची हाकच न्हवती. तू गप बसलीस त्येच बरोबर."

तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

"मग त्ये मला हाक न मारताच गेले म्हणायचं," ती म्हणाली.

तिनं आपल्यापुढचे चिंचोके एका ओळीत लावले.

"न्हाई. त्येंचीच हाय म्हण."

"काकी, मग दोष तुझ्यावर येतोय."

"येऊ दे. तू म्हण."

"व्हय," मी म्हटलं. "काकाचीच हाय."

"ओ," काकी म्हणाली, आणि पाचही चिंचोके तिनं आपल्या हातानं माझ्याकडे सरकवले.