डाळीच्या डब्याखालचा अर्ज

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. आणि ह्यांना तर मी काय काय सांगत असे — पडलेली स्वप्नं, वरच्या मजल्यावरची भांडणं, दुधाच्या बूथवर कोण कुणाला ढकलून पुढं घुसलं ते. एवढ्या मोठ्या संसारात ही एकच गोष्ट दातांमागं ठेवली. ते गेले, ऐकायचे राहिले. आता तुम्ही सापडलात. बसा.

कुठून सुरू करू? इंग्रजीपासून करते. सगळं तिच्यामुळे झालं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. तसं नाहीये. पण तिथून सुरुवात सोपी पडते.

सध्या मी गुरुग्रामला, लेकाकडे. सतरावा मजला. नातीनं माझ्या मोबाइलवर इंग्रजीचा क्लास लावून दिलाय. आधी त्यांनी परीक्षा घेतली आणि निकाल दिला — इंटरमीजिएट. "आजी, बिल्कुल वाईट नाहीये हं!" नात म्हणाली. वाईट नाही? अगं बाई, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते, तेव्हाही संध्याकाळच्या वर्गाच्या मास्तरांनी मला हेच सांगितलं होतं. मधला वर्ग. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी त्याच बाकावर बसलेय. सरकारं आली, गेली, माझे गुडघे बदलून झाले — बाक तोच.

तुम्ही कधी या मधल्या जागी अडकलायत का? नवशिक्याचं बरं असतं, त्याला काही येतच नाही. आणि ज्यांना येतं त्यांचा प्रश्नच नाही. मधल्याला मात्र सगळं कळतं. रेडिओवरच्या बातम्या कळायच्या. पेपर वाचायचे. आणि कुणी समोर उभं राहून साधं काही विचारलं की — डोक्यात वाक्य बांधायला घ्यायचं, क्रियापद शोधायचं, ते उलटसुलट तपासायचं, आणि तोंड उघडेपर्यंत समोरची बाई थंडीवरून लोकरीवर आणि लोकरीवरून तिच्या सासूवर पोचलेली असायची. मग आपण हसून म्हणायचं, "यस, यस." सासू आजारी आहे, आणि मी — यस, यस.

माझं इंग्रजी आणखी एका कारणानं बिघडलं होतं. ते मी ह्यांच्या फायलींमधून शिकले होते. हे मंत्रालयात, कधी कधी काम घरी आणायचे, आणि मी पोळ्या लाटता लाटता ते कागद वाचायचे. त्यामुळे माझ्या तोंडी जे इंग्रजी बसलं ते थेट दफ्तरातलं. एकदा डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मी म्हणाले, "सर, द मॅटर इज रिगार्डिंग माय स्टमक." डॉक्टर पंजाबी होते, दिलदार. हसू दाबत म्हणाले, "अच्छा जी, मॅटर कबसे पेंडिंग है?" आणि मी, ठोंबी, खरंच तारीख सांगितली.

हसा. मीही हसते. पण तेव्हा हसू येत नव्हतं. हिवाळ्यात क्वार्टरांमधल्या मैदानात दुपारी खाटा पडायच्या. मटार सोलायचे, स्वेटर विणायचे. बंगाली, तमिळ, मल्याळी बायका — एकमेकींची भाषा येत नाही, म्हणून आपसात इंग्रजी बोलायच्या. चुकीचं का होईना, धडाधड. मी शेजारच्या खाटेवर. बी.ए. झालेली, सांगलीत वर्गात तिसरी आलेली. मटार सोलत. चिडचिड कुणावर काढायची? घरी येऊन ह्यांच्यावर काढायची.

आणि मग रूथ आली.

रूथ खालच्या मजल्यावर राहायला आली. नगरजवळच्या एका गावातली, ख्रिस्ती, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. नवऱ्याची बदली दिल्लीला झाली म्हणून मराठी शाळेतली मास्तरणीची नोकरी सोडून आली होती. तिला दिल्लीत काय आवडत नव्हतं माहितीये? सकाळचे दहा. "वहिनी, दहा वाजले की हाताला खडू नाही, कसंतरीच होतं हो," म्हणायची. परत वर्गात उभं राहायचं, एवढंच तिच्या मनात. पण इथल्या शाळांना इंग्रजी हवं. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच — मधलं. आम्ही दोघी संध्याकाळच्या वर्गाला बरोबर जायला लागलो.

वर्ग आठवड्यातून दोनदा. ते पुरेना. मग मी एक खेळ काढला. खेळ माझाच, हे मुद्दाम सांगते. ह्यांनी टाकून दिलेलं एक फाईल कव्हर घेतलं, त्याला टॅग लावला. नियम असा — एकीनं इंग्रजीत एक पान लिहायचं, खाली "सबमिटेड फॉर अप्रूव्हल" लिहून दुसरीकडं पाठवायचं. दुसरीनं तपासायचं, शेरा मारायचा, सही करायची. सही झाल्याशिवाय पुढचं पान नाही. भाजीवाल्यासाठी मी गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायचे ना, त्याच पिशवीतून फाईल खाली-वर जायची. मी मोठी, म्हणून मी अंडर सेक्रेटरी. ती सेक्शन ऑफिसर. ती खालून ओरडायची, "मॅडम, फाईल आली का टेबलावर?" मी वरून, "अंडर कन्सिडरेशन!" सगळं आवार हसायचं.

मी लाल पेन्सिलीनं तपासायचे. ती माझं पान शिसपेन्सिलीनं तपासायची, तीही इतकी हलकी, की मला वाटलं तर खोडता यावं. हे मला तेव्हा दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही.

सहा-आठ महिने गेले असतील. आणि रूथची पानं — कसं सांगू — चालायला लागली. आधी ती रांगत होती, आमची दोघींचीही. मग तिची उठून उभी राहिली आणि चालायलाच लागली. तिच्या शाळेतल्या एका मुलीबद्दल तिनं लिहिलं होतं. ती मुलगी रोज बाईंसाठी भाकरी आणायची, आणि एक दिवस रिकाम्या हातानं आली, म्हणून दिवसभर दाराबाहेर उभी राहिली. साधी साधी वाक्यं. मी ते पान वाचलं आणि स्टोव्हवरचं दूध उतू गेलं. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. माझं त्या आठवड्याचं पान काय होतं? "आय बेग टू स्टेट दॅट द वेदर इज कोल्ड."

मग मी लाल पेन्सिल घेतली.

त्या पानात चूक नव्हती. एखादी असेल. मी अकरा ठिकाणी लाल केलं. काही शब्द नुसते खोडले, त्यांच्या जागी फायलीतले जाडजूड शब्द घातले. खाली लिहिलं, "नीड्स मच इम्प्रूव्हमेंट", आणि वेलबुट्टीची सही केली. पिशवी खाली सोडली. संध्याकाळी ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून कळतं हो. मला वाटलेलं, बरं जमलंय."

इथं थांबता आलं असतं. आलं असतं ना? मी थांबले नाही. पुढची पानंही तशीच. मैदानातल्या खाटांवर तर मी आणखी पुढं गेले. ती एखाद्या बंगाली बाईशी दोन वाक्यं बोलायची, की मी सगळ्यांसमोर म्हणायचे, "तसं नाही गं रूथ." ती वाक्य अर्धंच सोडून लाजून हसायची. त्या बायकांनी तिला आपल्या खाटेवर बोलवायला सुरुवात केली होती. मला कुणी बोलावलं नव्हतं. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

आणि मग तो अर्ज. हं — आले बघा तिथं.

आमच्याच भागात एक छोटी बालवाडी होती. तिथं शिक्षिका हवी होती. अर्ज स्वतःच्या हातानं, इंग्रजीत लिहून, शनिवारपर्यंत द्यायचा. रूथनं सोमवारी तो लिहिला. दीड पान. फायलीत लावला आणि पिशवीत न ठेवता स्वतः जिना चढून वर घेऊन आली. हात ओले होते तिचे, पदराला पुसून मग दिला. "वहिनी, एवढा एकदा बघा. तुमची सही झाली की देऊन येते."

ती गेल्यावर मी वाचला. दोनदा वाचला. काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. तुम्हाला सांगते, मी चूक शोधायला शब्दकोश घेऊन बसले. शेवटी तिनं लिहिलं होतं की मला लहान मुलांची भीती वाटत नाही, आणि त्यांनाही माझी वाटू नये असं मी बघते. असं वाक्य मला अजूनही लिहिता येत नाही. त्या ऑनलाइन क्लासमधली पोरगी दर वेळी "गुड जॉब, मालती!" म्हणते, तरी येत नाही.

मी अर्ज घेतला आणि स्वैपाकघरातल्या फळीवर, तूरडाळीच्या डब्याखाली जो पेपर अंथरलेला असतो, त्याच्या खाली सरकवला.

सरकारी घरात राहून मी काय शिकले असेन, तर हे. नाही म्हणायचं नसतं. नुसती फाईल ठेवून द्यायची. ह्यांच्या साहेबांबद्दल हे किती चिडून बोलायचे — माणूस महिनामहिना खेटे घालतो आणि हा कागद दाबून बसतो! मीही चिडायचे. आणि त्या आठवड्यात मी रोज त्याच डब्यातली डाळ काढत होते.

बुधवारी रूथ खालून म्हणाली, "वहिनी, झालं का?" मी म्हणाले, "बघतेय गं. बरंच आहे."

गुरुवारी तिनं ओरडून विचारलं नाही. वर आली. "फार चुका आहेत का?" मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हणाले, "घाई करू नकोस, चांगलं करून देते." शुक्रवारी मी दिवसभर करोल बागेत जाऊन बसले. काही घ्यायचं नव्हतं. शनिवारी तिनं दार वाजवलं तेव्हा मी आतून म्हणाले, डोकं दुखतंय, संध्याकाळी ये. बालवाडी दुपारी बंद व्हायची.

तुम्ही म्हणाल, तिनं दुसरा कागद घेऊन पुन्हा का नाही लिहिला? स्वतःच जाऊन का नाही दिला? दीड पान तर होतं. पण सही झाली नव्हती ना. माझ्या सहीशिवाय आपलं इंग्रजी कुणाला दाखवण्यासारखं आहे, यावर तिचा विश्वासच उरला नव्हता. तो मी वर्षभर, एकेक लाल रेघ मारून, काढून घेतला होता.

रविवारी मी लाल पेन्सिल घेऊन बसले आणि ते दीड पान भरून टाकलं. जे सुचेल ते. सोमवारी तिला दिलं. तिनं उभ्या उभ्याच पाहिलं. बराच वेळ.

"इतकं चुकलं होतं?"

"हो," मी म्हणाले.

एवढंच. एक अक्षर. मराठीत.

ती म्हणाली, "बरं झालं, वहिनी. हे असंच नेऊन दिलं असतं तर हसले असते." आणि जिना उतरून गेली. फाईल पुन्हा वर आली नाही. वर्गालाही ती यायची थांबली. मैदानातही ती माझ्याच खाटेवर, माझ्या शेजारी बसायला लागली. मला सोबत मिळाली. मला बरं वाटलं, हेही सांगून ठेवते.

नंतर त्यांची बदली नागपूरला झाली. दिवाळीला पत्रं यायची, मराठीत. मीही मराठीतच उत्तरं लिहायचे. एका वर्षी तिच्या लेकीचं पत्र आलं, आई गेली म्हणून. सांगायला मला वीसेक वर्षं मिळाली होती. टपाल नियमित होतं.

पण नागपूरच्या आधीची एक गोष्ट राहिली. अर्जानंतर पाच-सहा महिन्यांनी तिच्या त्याच लेकीला एका शाळेत घालायचं होतं. शाळेवाले आईबापांशीही बोलणार होते. नवरा दौऱ्यावर. रूथ म्हणाली, "वहिनी, तुम्ही चला. तुम्ही बोला. माझ्यानं नाही व्हायचं." मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

मुख्याध्यापिका तमिळ होत्या, वयस्कर, शांत. मी माझं फायलीतलं इंग्रजी काढलं. त्या ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता त्या रूथकडे वळल्या आणि हळू, सोप्या इंग्रजीत तिलाच विचारलं — तुम्ही दिल्लीला येण्याआधी काय करत होता?

रूथला प्रश्न कळला. तिचे ओठ हलले, उत्तर आलेलं होतं तिथं. मी पाहिलं. आणि बोलण्याआधी तिनं माझ्याकडे बघितलं — चालेल का, असं.

"शी वॉज अ टीचर." चार शब्द. मला येत होते ते.

मी म्हणाले, "शी इज अ हाउसवाइफ, मॅडम."

रूथनं मान हलवली. म्हणाली, "यस."