तोंडपाठ पेशीपटल

मालेगावच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवतो आणि आमचे एक सर जीवशास्त्र. शिकवतात म्हणण्यापेक्षा लिहून देतात. वर्गात शिरताच "घ्या लिहून" म्हणतात आणि स्वल्पविरामसुद्धा तोंडाने सांगतात.

परवा आसेगावच्या एका मुलीने त्यांना मधेच थांबवलं. "सर, पेशीचं पटल चरबीचं असते म्हन्ता. पेशीच्या आत पानी, बाहीर पानी. तेलाचं तं पान्याशी जमत नाही. मंग ते पटल टिकते कसं?"

"हे परीक्षेत येत नाही," असं म्हणून सर मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये येऊन जेवायला बसले. पण पहिला घास त्यांनी डब्यातच परत ठेवला. त्यांनी माझ्याच पाण्याच्या पेल्यात लोणच्याचं तेल ओतलं, चमच्याने ढवळलं आणि तवंग पुन्हा वर येताना बघत राहिले. मग स्वतःच्या जुन्या नोट्स काढून परक्याचं पत्र वाचावं तशा सावकाश वाचल्या.

डबा तसाच टाकून ते त्याच वर्गाकडे निघाले. मीही मागोमाग जाऊन दारात उभा राहिलो. फळ्यावर त्यांनी चरबीच्या कणांच्या दोन रांगा काढल्या, प्रत्येक कणाला एक गोल डोकं आणि दोन शेपट्या.

"डोक्याले पानी पायजे, शेपटीले नको. म्हनून शेपट्या आतमंदी लपतात आन् डोके दोन्हीकडच्या पान्याकडं राह्यतात. पटल टिकते ते असं."

मग खडू ठेवून ते हळूच म्हणाले, "मले हे आजवर पाठ होतं. समजलं आज."

सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या आणि तेही वाक्य लिहून घेतलं.