अळनी कालवान आन् मालकांचा पाय

आमचे मालक सोलापुरात गिरनीत कामाला व्हते. गोदामात कापसाच्या गासड्या रचायचं काम. एक दिस वरची गासडी घसरली आन् त्येंच्या उजव्या मांडीवर आली. मी घरी भाकऱ्या थापत व्हते. गिरनीतले दोघं पळत आले, म्हनाले, "वैनी, चला, दवाखान्यात नेलंय." मी तशीच निघाले. हाताचं पीठ कोपरापतूर वाळलंय ह्ये सांजच्याला ध्यानात आलं.

दवाखाना मिशनचा व्हता. डाक्टर म्हनाले, मांडीचं हाड मोडलंय. पाय वाचंल का न्हाई आत्ताच सांगता येत न्हाई, वाचला तर सावकाश सांधंल. खाटंच्या पायथ्याला कप्पी बशिवली. पायाला पट्ट्या गुंडाळून दोरी बांदली, ती कप्पीवरनं घेतली आन् दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी लोंबत सोडली. त्या वजनानं हाड सरळ ऱ्हातं म्हनं. "मी सांगेपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही," असं डाक्टर दोन बारी म्हनाले.

मालकांनी डोळे मिटून घेतले. एका पायाच्या मानसाला गिरनी काय करनार, ह्ये त्येंला बी ठावं व्हतं आन् मला बी.

आमी बाप्तिस्मा घेऊन चारपाच वर्सं झाली व्हती. आत्तीनं, म्हंजे माज्या सासूनं, वळसंगच्या घरातला देव्हारा सोताच्या हातानं मोकळा केला व्हता. पर देव बदलला तरी नवस बोलायची सवय काय सुटली न्हवती. तिची बी न्हाई, माजी बी न्हाई.

पोराची खबर ऐकून आत्ती वळसंगास्नं आली. पाय बगितला, पदरानं नाक पुसलं आन् मला भाईर घिऊन गेली.

"काय बोललीस का न्हाई देवाला?"

"आत्ती, आपल्यात नवस कुटं असतोय?"

"आपल्यात म्हंजे? देवाला कान हायत न्हवं? मंग बोल की!"

मला तेवढंच पायजे व्हतं. आवारात कडूलिंबाचं झाड व्हतं, त्याच्या बुडाला हुबी ऱ्हाऊन म्या सांगितलं, प्रभू येशू, माजा मालक दोन पायांवर चालत घरी येईस्तवर मी मीठ खानार न्हाई. बोलले आन् जीव हलका झाला. आता देव बी बांदला गेला, असं वाटलं.

मंग रोज आवारातल्या चुलीवर दोन गाडग्यांत शिजवायचं. मालकांचं मिठाचं, माजं अळनी. आमटी बिनमिठाची, ठेचा बिनमिठाचा. पयल्या आठवड्यात घास गिळंना. मंग जीब गप बसली. अंगात जरा जीव नसल्यावानी वाटायचं, पर म्हनलं चालायचंच.

एक गोष्ट सांगते, हसू नका. ते दिस वाईट न्हवते. लगीन झाल्यापासनं मालक भोंगा वाजला की गिरनीत, आन् आले की निजायचे. आमी दोघं दिसाउजेडी एका जागी कदी बसलोच न्हवतो. आता ते खाटंवर आन् मी खाली. ल्हानपनी मेंढरं राखताना सांगोल्याकडं कशी वाट चुकले ते त्येंनी मला सांगितलं. धा वर्सं संसार केला आन् मला ठावंच न्हवतं. सकाळी सिस्टरबाई सगळ्यांसंगं प्रार्थना म्हनायच्या, त्यात मालक बी म्हनायचे. त्येंचा आवाज गोड हाय ह्ये बी मला तितंच कळालं.

शेजारच्या खाटंवर टांगेवाले चाचा व्हते. घोड्यानं लाथ मारून हात मोडला व्हता. त्ये घोड्याला रोज शिव्या द्यायचे आन् भेटाय येईल त्येला आदी इचारायचे, "घोडा खाया क्या?"

पाच आठवडे झाले. डाक्टर म्हनाले, हाड धरायला लागलंय. आमी दोघांनी प्रार्थना केली. त्या दिशी मालक खुशीत व्हते. म्हनाले, "आन, आज तुज्या ताटातला घास दे." मी नगं नगं म्हनेस्तवर त्येंनी माज्या वाडग्यात भाकरी बुडवली बी.

"अगं, मीठ घालायचं इसरलीस व्हय?"

"इसरले बगा."

"आन् माज्यातलं नीट कसं?"

तितंच बसलेली आत्ती ताठ मानंनं म्हनाली, "नवस हाय तिचा. तू चालत घरी येईस्तवर तिला मीठ न्हाई. पाच आठवडे झाले. दुसरी कोन केली असती का?"

मालक माज्याकडं बगतच ऱ्हायले. माज्या हाताची हाडं त्येंला त्या दिशी दिसली असावीत. वाडगं तेवढं बाजूला सारलं.

दुसऱ्या दिशी सकाळी मी नळावर कापडं धुवाय गेले. परत येते तर खोलीत गलका. मालक खाली फरशीवर. दोरी सोडलेली, वाळूची पिशवी एकीकडं, आन् मांडी परत वाकडी.

डाक्टर आले. पाय सरळ करून परत दोरी बांदली. म्हनाले, सांधलेलं सुटलं, आता पहिल्यापास्नं. यावेळी पायाची खात्री देत नाही. मालकांच्या तोंडावर घाम आला व्हता.

डाक्टर गेल्यावर सिस्टरबाई कमरेवर हात ठिऊन हुब्या ऱ्हायल्या. "कोणी सांगितलं होतं उठायला?"

मालक वर छताकडं बगत म्हनाले, "हिला मीठ खायचंय, बाई."

मंग चाचा म्हनाले, "क्या मियाँ! बीबी के नमक के वास्ते टांग तोड लिये?" हसू दाबत दाबत सगळे हसले. मालक बी हसले. मी मातूर तोंडावर पदर घेऊन भाईर गेले, त्याच लिंबाखाली. ज्या पायासाठी नवस बोलले त्योच पाय नवसानं मोडला, दुसरं काय?

सिस्टरबाई मागनं आल्या. नगरकडच्या व्हत्या, रागावल्या तरी सावकाश बोलायच्या. "बाई, तू देवाशी सौदा केलास. त्यानं तुझं मीठ मागितलं होतं का?"

"न्हाई."

"मग त्याला दे ते, जे त्याला आवडतं. आभार मान."

"पाय बरा झाला की मानीन की."

"आज मान. आज पाय आहे ना अंगाला?"

पाय व्हता अंगाला. मानूस व्हतं. बोलत व्हतं, हसलं बी व्हतं. पर खरं सांगते, मीठ खायची लई भीती वाटली. आता खाल्लं आन् पाय गेला तर? मंग जल्मभर मीच घालवला म्हनायची पाळी. तोंडानं मी प्रभूवर भरवसा हाय म्हनत व्हते आन् मनात त्येला सावकारावानी भीत व्हते. तिथं हुबी असताना ह्ये मला पयल्यांदा उमगलं.

बाईंनी दवाखान्याच्या सैपाकघरातनं कागदात चिमूटभर मीठ आनलं आन् माज्या हातावर ठिवलं. मी आत गेले. मालकांच्या खाटंपाशी बसले. वाडगं पुढं घेतलं. आत्ती म्हनाली, "अगं, नगं!" मालक म्हनाले, "आये, गप ऱ्हा." मी डोळे मिटले आन् म्हनलं, बापा, पाय तू ठिवशील का न्हाई मला ठावं न्हाई. आज हाय, त्येच्यासाठी तुजे उपकार. आन् मीठ घालून खाल्लं.

असली चव म्या जल्मात घेतली न्हाई. मालक इचारत्यात, "कसं लागतंय?" मी म्हनलं, "जास्त पडलंय." आन् मंग दोघांच्या बी डोळ्याला पानी.

मालक आनखी अडीच म्हयने त्या खाटंवर व्हते. पाय वाचंल का न्हाई, ह्ये डाक्टरनी लई दिस सांगितलंच न्हाई. पर मी रोज मिठाचं खाल्लं आन् रोज सकाळी आजच्या पायाचे आभार मानले. मंग दोरी सुटली, कुबड्या आल्या. चाचा कवाच बरे होऊन गेले व्हते, घरी न्ह्यायला त्येच टांगा घिऊन आले. मालकांना हात देऊन वर बशिवलं आन् घोड्याला म्हनाले, "आज लात नको मार बेटा, मेहमान हैं." पाय दोन बोटं आखूड झाला, पर व्हता. गिरनीनं मालकांना बसायचं काम दिलं.

त्या सुगीला आमच्या देवळात, म्हंजे चर्चमंदी, उपकाराची भक्ती झाली. लोक कनसं, भोपळे, शेंगा, एकादी कोंबडी असं आनून ठिवत्यात आन् शेवटाला त्येचा लिलाव व्हतो. म्या पिशवीभर जाडं मीठ आनलं. बाया कुजबुजल्या, देवाला कोन मीठ आनतंय का? लिलावात पिशवी वर धरली तवा कोनच बोली बोलंना. मंग मागच्या बाकावरनं मालक काठी टेकत उठले. "माजं," म्हनाले.

घरी येताना आत्ती माज्या कानाला लागली, "फेडलास की नाय शेवटाला नवस!"

मीठ लई व्हतं, निम्मं तिच्या पदरात बांदून वळसंगला दिलं.