कल्याणहून सुटलेली पांढरी मादी

भिजवलेल्या बाजरीचा वास आला की मला ठाण्याच्या घराचं परसदार आठवतं. मी तेव्हा नवी सून. ह्यांना कबुतरांचा भारी नाद आणि मामंजींना त्यांचा तितकाच तिटकारा. एकदा ह्यांनी पैजच मारली, की कल्याणहून आगगाडी सुटताना पांढरी मादी सोडतो, गाडीच्या आधी ती घरी हातात येईल. "नाही आली तर खुराडं बाजारात," मामंजी म्हणाले. सकाळीच हे टोपलीत कबुतर घेऊन कल्याणला गेले. गाडीची वेळ झाली तशी मी मूठभर बाजरी घेऊन विहिरीपाशी उभी राहिले, मामंजीही बाहेर आले. गाडीला डोंगर पार करून खाडीच्या पुलावरून यायचं. पाखराला कसला डोंगर नि कसली खाडी! आणि खरंच, कळव्याच्या बाजूने पांढरा ठिपका आला, मोठा झाला, घरावर घिरट्या घालत राहिला. पण उतरेना! रोज दाणे टाकणारी मी, ती उतरायची माझ्याच हाकेवर. आणि सासऱ्यांसमोर सुनेने आवाज काढायची सोय नव्हती. तेवढ्यात पुलाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. मामंजी एकदा आभाळाकडे बघत, एकदा माझ्याकडे. शेवटी तेच ओरडले, "अगं, बघतेस काय? हाक मार की!" मी पदर खोचून अशी "आऽ आऽ" आरोळी ठोकली की शेजारणी दारात आल्या. मादी माझ्या मनगटावर उतरली आणि मग गाडी स्टेशनात शिरली. आता माझ्या सुना कुरकुरतात, घरात सासूबाईंचाच आवाज फार. मी म्हणते, जा, तुमच्या आजेसासऱ्यांना विचारा.